नोटेवरची सही

सातवीत असताना एका शनिवारी गुरुजींनी वर्गात एक रुपयाची कोरी नोट फिरवली. दुमडायची नाही, थुंकी लावायची नाही, अशी आधीच तंबी दिलेली. १९७८-७९ चं साल असावं. आमच्यातल्या निम्म्या पोरांच्या हाती तोवर नोट आलीच नव्हती. दहा पैसे, चार आणे, पोळ्याच्या दिवशी फार तर आठ आणे, एवढाच आमचा व्यवहार.

"या नोटेवर काय नाई ते सांगा," गुरुजी म्हणाले.

कोणाला सांगता आलं नाही. मग त्यांनी खिशातून दोन रुपयांची मळकी नोट काढली आणि दाखवलं. त्या नोटेवर 'धारकाला दोन रुपये देण्याचं वचन' छापलेलं होतं आणि खाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही होती. एक रुपयाच्या नोटेवर कोणाचं वचन नव्हतं. ती नोट रिझर्व्ह बँकेची नसतेच, भारत सरकारची असते आणि तिच्यावर अर्थखात्याचा सचिव सही करतो. गुरुजींनी त्या सहीखाली नख ठेवलं. "हे मनमोहन सिंग नावाचे सायेब. यांनी सही केली म्हणून हा कागद रुपया झाला. नाई तं रद्दी."

वर्षाअखेरीस गणितात मी पहिला आलो, तेव्हा तीच नोट गुरुजींनी मला बक्षीस दिली. मी ती खर्च करीन या भीतीनं आईनं ती काढून घेतली आणि देव्हाऱ्यातल्या डबीत ठेवली. आमच्या घरात खर्च न झालेला तो एकमेव रुपया.

गव्हर्नर काय, सचिव काय, मला तेव्हा काही कळलं नव्हतं. पण पुढं मॅट्रिकला असताना दहा रुपयांच्या नोटेवर तीच सही दिसली आणि मी डबी उघडून दोन्ही नोटा शेजारी ठेवून पाहिल्या. गुरुजींना विचारायला गेलो. ते तोवर रिटायर होऊन घरीच होते. म्हणाले, "तोच तो. आता मुंबईले गेला, रिझर्व्ह बँकेत." सप्टेंबर १९८२ पासून १९८५ च्या जानेवारीपर्यंत ते गव्हर्नर होते. त्यांच्या आधी दोनच महिने, जुलैत, नाबार्ड सुरू झाली होती, जिच्या पैशावर पुढं माझं पोट चालायचं होतं. तेही मला तेव्हा माहीत नव्हतं.

१९८९ साली मी आमच्या विविध कार्यकारी सोसायटीचा गटसचिव झालो. गावात सगळे 'सेक्रेटरी' म्हणायचे. तीन गावांच्या सोसायट्या, एक लोखंडी कपाट, एक सायकल. कास्तकाराचा सातबारा आणि आठ-अ घ्यायचा, पीक पाहायचं, कर्जाचा कमाल मर्यादा तक्ता करायचा, बँकेत न्यायचा, आणि मार्च आला की वसुलीला त्याच दारात उभं राहायचं. जूनमध्ये ज्यानं चहा पाजला, तोच मार्चमध्ये मागच्या दारानं वावरात निघून जायचा. या नोकरीत माणूस पस्तीस वर्षं राहिला की त्याला देशाचं अर्थशास्त्र कळतं असं नाही, पण ते कुठं येऊन आदळतं ते कळतं.

इथं आमच्या वाटणीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

आजोबांची बारा एकर. बाबा मोठे, काका धाकटे. वाटणी झाली तेव्हा नाल्याकाठची काळी कसदार जमीन बाबांच्या वाट्याला आली, पावणेपाच एकर. काकाला वरची. वरची जमीन हलकी, आणि तिच्या टोकाला दोन एकर निव्वळ बरड, जिथं कुसळाशिवाय काही उगवत नाही. बरोबरी करायची म्हणून पंचांनी ते बरड काकाच्या नावानं टाकलं. म्हणजे कागदावर काकाचे सात एकर, आमचे पावणेपाच. सातबाऱ्यावर २ हेक्टर ८३ आर आणि १ हेक्टर ९२ आर. बरडाची नोंद पोटखराब्यात करून घ्या म्हणून बाबा काकाला कितीदा म्हणाले. काका म्हणायचा, "राहू दे ना दादा, सात एकरवाला म्हणून घेतो तेवढंच." पोराच्या लग्नाच्या बोलणीत सात एकर बरे दिसतात.

१९९१ च्या जूनमध्ये ती सही पुन्हा आमच्या गावात आली, या वेळी नाव होऊन. नरसिंह राव पंतप्रधान झाले आणि अर्थमंत्री म्हणून मनमोहन सिंगांचं नाव आलं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते ते तेव्हा. निरोप द्यायचं काम पी. सी. अलेक्झांडर यांनी केलं होतं, जे पुढं आपल्या राज्याचे राज्यपाल झाले. २१ जूनला शपथ, आणि २४ जुलैला अर्थसंकल्प. निवडणूक न लढलेला, पक्षाचं काम न केलेला माणूस एकदम अर्थमंत्री! गावात पानठेल्यावर याचीच चर्चा. मी फुशारकीनं सांगितलं, "माह्या घरी त्याची सही हाये."

वर्तमानपत्रांत त्यांची माहिती येऊ लागली ती बाबा मोठ्यानं वाचायचे. जन्म १९३२ चा, पश्चिम पंजाबातल्या गाह नावाच्या खेड्यात. ते खेडं आता पाकिस्तानात. गावात वीज नव्हती. आई लहानपणीच गेली, आजीनं वाढवलं. कंदिलाच्या उजेडात अभ्यास. फाळणीत आजोबा मारले गेले आणि कुटुंब अमृतसरला आलं. तिथून शिष्यवृत्त्यांवर केंब्रिज, मग ऑक्सफर्ड. डॉक्टरेटचा विषय भारताची निर्यात. म्हणजे १९६२ सालीच या माणसानं लिहून ठेवलं होतं की बाहेर माल विकल्याशिवाय आपलं भागायचं नाही. त्यानंतर विद्यापीठात शिकवणं, संयुक्त राष्ट्रांची नोकरी, १९७१ पासून दिल्लीत सरकारी सल्लागार, मुख्य आर्थिक सल्लागार, सचिव, गव्हर्नर, नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष. बाबा थांबून म्हणाले, "म्हंजे हा माणूस वीस वर्षं दुसऱ्याच्या कागदावर सल्ला लिवत होता. आता सोताच्या कागदावर लिवनार."

त्या उन्हाळ्यात देशाकडं जेमतेम दोनेक आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं. जुलैच्या १ आणि ३ तारखेला रुपयाची किंमत दोन टप्प्यांत खाली आणली. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचं ४६.९१ टन सोनं तारण म्हणून परदेशात गेलं. शहरातल्या लोकांना याचा फार धक्का बसला म्हणतात. आमच्या घरात नाही बसला. दर मिरगाला आईची एकदाणी सोनाराकडं जायची आणि कापूस विकला की परत यायची. कधी दोन-दोन हंगाम यायची नाही. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "सरकारचं बी बियानं राह्यलं असंल घ्याचं." अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला काय म्हणतात ते मी नंतर वाचलं. आईच्या वाक्यात काही कमी होतं असं वाटलं नाही.

पण त्याच अर्थसंकल्पात खताच्या किमती चाळीस टक्क्यांनी वाढल्या. पेरणी होऊन गेलेली, पऱ्हाटी गुडघ्याला आलेली, दुसरा डोस द्यायची वेळ. संसदेत गदारोळ झाला, सत्ताधारी पक्षाचेच खासदार उठले, आणि ऑगस्टमध्ये वाढ तीस टक्क्यांवर आणली. शिवाय लहान आणि सीमांत शेतकऱ्यांना वाढीतून वगळलं. लहान म्हणजे दोन हेक्टरच्या आतला.

पटवाऱ्याच्या खोलीसमोर अल्पभूधारकाच्या दाखल्यासाठी रांग लागली. बाबा रांगेत होते. काका धुऱ्यावरच उभा राहिला, कारण त्याला रांगेत उभं राहून उपयोग नव्हता. सात एकरवाला. बाबांनी घरी येऊन दाखला आईला दिला आणि म्हणाले, "पंचांनी तेव्हा बरड माह्या नावानं टाकलं असतं तं बरं झालं असतं." दुसऱ्या वर्षी, ऑगस्ट १९९२ मध्ये, स्फुरद आणि पालाशच्या खतांवरचं नियंत्रणच उठलं. डीएपीची थैली चढली, युरिया उलट थोडा उतरला, आणि लोक वावरात नुसता युरियाच टाकायला लागले. ती सवय आजतागायत सुटली नाही. दोन एकर-पाच एकरचा भेद त्यात वाहून गेला. बाबांचा दाखला मात्र पेटीत राहिला. मीही विसरलो.

उदारीकरण झालं, दुकानांत रंगीत टीव्ही आले, माझ्या मावसभावाला पुण्यात नोकरी लागली. आमच्या वावरात मोठं काही बदललं नाही. चांगलं झालं की वाईट, यावर पानठेल्यावर मी खूप वाद घातलेत आणि दोन्ही बाजूंनी घातलेत. १९९१ मध्ये जे केलं त्याला त्या महिन्यात दुसरा रस्ता नव्हता, असं माझं मत आहे. त्यानंतरच्या वर्षांत शेतीकडं जेवढं पाहायला हवं होतं तेवढं पाहिलं गेलं नाही, हेही माझंच मत आहे.

बाबा १९९८ मध्ये गेले. जमीन आईच्या नावावर झाली, आणि सोसायटीतलं कर्ज खातंही.

१९९९ मध्ये मनमोहन सिंग दक्षिण दिल्लीतून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. तेवढीच एक निवडणूक. एरवी ते राज्यसभेत, आसाममधून. आमच्याकडं ग्रामपंचायतीला पडलेला माणूस सहा महिने पानठेल्यावर दिसत नाही. म्हणून २००४ च्या मे महिन्यात ते पंतप्रधान झाले तेव्हा काकाला हसू आलं. "पडलेला मानूस सरपंच झाला म्हना की." मी म्हटलं, काका, सोनिया गांधींनी नाही म्हटलं आणि यांना बसवलं. काका म्हणाला, "मंग तं अजून कठीन. दुसऱ्याच्या घरात सालदारी करनं सोपं नसते." काका दुसरी शिकलेला. त्यानंतर दहा वर्षं दिल्लीचे पत्रकार जे लिहीत राहिले, ते त्यानं पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं.

त्यांची भाषणं मी टीव्हीवर ऐकायचो. हिंदी बोलताना पुढ्यातला कागद उर्दू लिपीत लिहिलेला असायचा, कारण लहानपणी शिक्षण उर्दूत झालेलं. आवाज इतका हळू की आई म्हणायची, आवाज वाढव. मी म्हणायचो, पूर्ण वाढवलाय.

सोसायटीत मात्र त्यांचा आवाज पोचत होता. २००४ च्या जूनमध्ये तीन वर्षांत शेतीकर्ज दुप्पट करायचं जाहीर झालं, आणि वरून उद्दिष्टं यायला लागली. २००६ च्या खरिपापासून पीककर्ज सात टक्क्यांनी मिळायला लागलं. हे मी कधीच लहान मानलेलं नाही. ज्या खुर्चीवरून मी कास्तकारांना चौदा-पंधरा टक्क्यांचा हिशेब सांगितला होता, त्याच खुर्चीवरून सात टक्के सांगताना जीभ हलकी व्हायची. पण दुप्पट कर्ज हे दुप्पट उत्पन्न नव्हतं. पाऊस तोच, कापसाचा भाव तोच, बियाण्याचं पाकीट मात्र महाग. खात्यांवर थकबाकी वाढत गेली. आणि आमच्या भागातून, यवतमाळ-वर्धा-अमरावतीकडून, रोज बातम्या येत होत्या. त्या बातम्यांबद्दल मी इथं लिहिणार नाही. माझ्या तीन गावांतली चार घरं आहेत. त्या चारही खात्यांची पानं माझ्या अक्षरात आहेत.

२००६ च्या जून अखेरीस पंतप्रधान विदर्भात आले. सहा जिल्हे, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा, यांच्यासाठी १ जुलैला ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात ७१२ कोटींचं थकीत व्याज माफ, मुद्दलाचं पुनर्गठन, बरीचशी रक्कम सिंचन प्रकल्पांना. ते आमच्या गावापासून दूरच्या गावांत गेले. आम्ही पाहिलं ते टीव्हीवर. एका घरी खाटेसमोर बसून ते ऐकत होते. हात गुडघ्यांवर, मान किंचित पुढं. ऐकण्याची ती तऱ्हा मला ओळखीची वाटली. आमचे गुरुजी पोरगं चुकीचं उत्तर देत असलं तरी असेच ऐकायचे.

मी आठ दिवस रात्री जागून व्याजमाफीचे तक्ते केले. पॅकेजात दुभती जनावरंही होती. आमच्या गल्लीत एकाला गाय मिळाली. गाय मोठी जातिवंत, दिवसाला तिला जेवढं वैरण लागायचं तेवढं त्या घरात माणसांना अन्न नव्हतं. दिवाळीआधी विकली. त्याच वर्षी फेब्रुवारीत रोजगार हमीचा केंद्राचा कायदा सुरू झाला होता, पहिल्या २०० जिल्ह्यांत आमचा होता. आम्हाला त्याचं विशेष वाटलं नाही, कारण आपल्या राज्यात रोहयो १९७२ च्या दुष्काळापासूनचीच. आईनं तिच्यावर गिट्टी फोडलेली. मास्तर महाराष्ट्र, विद्यार्थी दिल्ली, असं मी म्हणायचो. मी ते चेष्टेनं म्हणत होतो, पण त्यावर परत येईन.

२९ फेब्रुवारी २००८. अर्थमंत्री चिदंबरम यांनी साठ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. संध्याकाळी सोसायटीसमोर गर्दी. कोणीतरी गुलाल आणला. मी कपाटाला कुलूप लावून घरी गेलो, कारण नियम आल्याशिवाय मी काहीच बोलणार नव्हतो आणि ते कोणाला पटणार नव्हतं.

मे महिन्यात नियम आले. ३१ मार्च २००७ पर्यंत दिलेलं कर्ज, ३१ डिसेंबर २००७ ला थकीत. दोन हेक्टरच्या आतल्याला सगळं माफ. दोन हेक्टरच्या वरच्याला पंचवीस टक्के सूट, तीही उरलेले पंचाहत्तर टक्के भरल्यावर. आमच्यासारख्या पॅकेजच्या जिल्ह्यांत पंचवीस टक्के किंवा वीस हजार, जे जास्त असेल ते. जमीन मोजायची ती कर्ज मंजूर झालं त्या दिवशीची. नंतर वाटणी केली, विकली, तरी उपयोग नाही.

मी यादी लिहायला बसलो. विदर्भात कोरडवाहू कास्तकाराकडं पाच एकरांहून जास्त जमीन असते, आणि ती ओलिताच्या दोन एकरांची बरोबरी करत नाही, हे तेव्हा सगळे ओरडून सांगत होते. माझ्यासमोर ते आकड्यांत होतं. यादीच्या पहिल्या पानावर माझ्या आईचं नाव आलं. १ हेक्टर ९२ आर, थकीत अठरा हजार, पूर्ण माफ. दुसऱ्या यादीत काका. २ हेक्टर ८३ आर, थकीत शेहेचाळीस हजार. सूट वीस हजार. भरायचे सव्वीस हजार.

त्या रात्री काका घरी आला. छपरीत बसला. आईनं चहा दिला, तो त्यानं घेतला नाही.

"बाबू, दोन एकर बरड हाये ते तुले मालूम हाये ना?"

"मालूम हाये काका."

"मंग लिव ना तसं. पाच लिव. पेन तुह्याच हातात हाये."

"सातबाऱ्यावर सात हायेत काका. मी लिवू नाई शकत."

"तुह्या मायचं लिवलं ना तू?"

मी म्हटलं, तिचं सातबाऱ्यावर तेवढंच आहे. हे उत्तर बरोबर होतं. पस्तीस वर्षांत मी दिलेलं सगळ्यात बरोबर उत्तर. काका उठून गेला. आई म्हणाली, "त्या बरडापायी तुह्या बापाले मरेस्तोवर झोप नव्हती." एवढंच म्हणाली.

३० जूनला यादी सोसायटीच्या भिंतीवर चिकटवली. आईचं नाव वर, काकाचं दुसऱ्या कागदावर.

सव्वीस हजार भरायला ३० जून २००९ ही शेवटची तारीख. काकानं खूप खटपट केली. सावकाराकडं जाऊन आला, परत आला. शेवटी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, पेरणीच्या तोंडावर, बैलजोडी विकली. अठ्ठावीस हजारांना. पैसे घेऊन सोसायटीत आला, मोजून टेबलावर ठेवले आणि पावती घडी करून टोपीत ठेवली. माझ्याशी बोलला नाही. ६ जुलैला नवा अर्थसंकल्प आला, प्रणव मुखर्जींचा, आणि पाऊस उशिरा आला म्हणून ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. मी ते रेडिओवर ऐकलं. सहा दिवस. ऑगस्टमध्ये पोळा आला तेव्हा काकानं कोठ्यासमोर तोरण बांधलं नाही आणि दिवसभर बरडावर जाऊन बसला.

या सगळ्यात मनमोहन सिंगांचा काय दोष, असं मला कोणी विचारलं तर मी काही सांगू शकत नाही. रेषा कुठंतरी ओढावीच लागते, आणि देशाच्या नकाशावर ओढली की ती बरडावरून जाते की नाल्याकाठून, हे दिल्लीत दिसत नाही. ते दिसत होतं मला. म्हणून तो हिशेब माझ्याकडं राहिला.

पुढं २०१३ मध्ये महालेखापालांचा अहवाल आला, की देशभर पुष्कळ ठिकाणी अपात्रांना माफी मिळाली आणि पात्र सुटले. म्हणजे कुठल्या तरी गावात कुठल्या तरी सेक्रेटरीनं लिहिले होते पाच. ते वाचून मला अभिमान वाटायला हवा होता. मी पेपर चुलीत घातला.

तीच वर्षं टू-जीची, कोळशाची. पंतप्रधान बोलत नाहीत म्हणून रोज टिंगल. त्यांच्या स्वतःच्या हाताला पैसा लागला असं गावात विरोधी पक्षाचाही माणूस म्हणाला नाही. पण आपला हात स्वच्छ असणं आणि आपल्या टेबलावरून जाणारे कागद अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. मी हे टीकेनं म्हणत नाही. सोसायटीचे अध्यक्ष बदलत गेले, मी बसून होतो, आणि मीही प्रत्येक कागद अडवला नाही.

काका माझ्याशी बोलला तो २०१२ मध्ये. त्यानं पोरांत वाटणी केली, साडेतीन-साडेतीन एकर. बरड धाकट्याकडं गेलं. साडेतीन एकर म्हणजे अल्पभूधारक, आणि अल्पभूधारकाला रोजगार हमीतून सिंचन विहीर. तोवर तिला मनरेगा म्हणत. धाकट्यानं अर्ज केला, मंजूर झाली, आणि दुसरीकडं पाण्याचा माग लागेना म्हणून बरडाच्या उतारावर खोदायला घेतली. गावातलीच माणसं मजुरीला. पैसे त्यांच्या खात्यावर, उशिरा का होईना. बेचाळीस फुटांवर झिरपा लागला. एका सकाळी काकाचा नातू सायकलवर आला, "आजोबानं बलावलं, विहीर पाहाले या म्हनलं." मी गेलो. काका काठावर उभा होता. खाली पाणी हातभर, गढूळ. "जानेवारीपर्यंत टिकन," तो म्हणाला. मी म्हटलं, फेब्रुवारीपर्यंत. यावर आमचा थोडा वाद झाला आणि मग आम्ही घरी येऊन जेवलो.

२०२४ मध्ये मी रिटायर झालो. डिसेंबरच्या २६ तारखेला रात्री बातमी आली, मनमोहन सिंग गेले. ब्याण्णव वर्षांचे होते. सकाळी मी देव्हाऱ्यातली डबी काढली. आई आता नाही. नोट तशीच होती, घडीवर थोडी पिवळी. काकाकडं घेऊन गेलो. काका त्र्याऐंशीचा, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. त्यानं नोट उन्हात धरली, जवळ नेली, लांब नेली.

"हेच का ते?"

"हेच."

"तू साहा वर्षं माह्यापाशी दाखोलीच नाई कधी."

साहा नाही, पंचेचाळीस वर्षं झाली होती, पण मी काही बोललो नाही. काकानं नोट परत दिली. दोन दिवसांनी दिल्लीत निगमबोध घाटावर अंत्यविधी झाला, तो आम्ही दोघांनी त्याच्या घरी टीव्हीवर पाहिला. आवाज बंद होता, कारण रिमोटचा सेल संपला होता. मध्येच काकाची सून आत आली आणि म्हणाली, वेचायला बाया आल्यात, उद्या येणार नाहीत म्हणतात. काका काठी शोधू लागला. मी टीव्ही बंद केला आणि त्याच्याबरोबर वावराकडं निघालो.